तीन झगे आणि त्यांचे कापड

शिवणकामाची गोडी लागलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात एक न शिवलेले वस्त्र असते. परकर-पोलकी होतात, झबली-टोपडी होतात, लग्नघरच्या चोळ्या होतात, कुणाचे आखूड झालेले उसवून लांब करून देणेही होते. पण ते एक वस्त्र राहून जाते. त्याला निमित्त नसते. ते घालून जावयाचे ठिकाण नसते. कापडाचा हिशेब मांडला की तो कागद मुकाट्याने शिवणाच्या डब्याखाली सरकवावा लागतो. तरी डोळा लागण्यापूर्वी माणूस त्याच वस्त्राच्या बाह्या बेतीत पडलेला असतो.

आमच्या मनात अशी तीन वस्त्रे आहेत. तिन्ही गोऱ्या स्त्रियांच्या अंगावरची, आणि तिन्ही जुन्या काळची. पहिले अठराव्या शतकातील फुलावेलींच्या छिटाचे, दुसरे १७८३ च्या सुमाराचे पांढऱ्या मलमलीचे आणि तिसरे १९०३ सालचे, मोरपिसांचे. ती का हवीशी वाटतात हे सांगण्यासाठी टाचणे काढू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, आणि तीच या लेखाचे कारण आहे. तिन्हींचा बेत युरोपीय आणि शिवणही युरोपीय; पण ज्याच्यामुळे आमचा जीव जडला ते कापड, किंवा त्या कापडावरचे काम, या उपखंडातील हातांचे आहे. शिवण आज खटपट केली तर आम्हांला साधेल. कापड साधावयाचे नाही.

प्रथम शब्दाचा खुलासा केलेला बरा. या पोशाखांना गाऊन म्हणतात हे खरे. परंतु आपल्या गावांतून गाऊन म्हटले की दाराशी दूध घ्यावयास येताना खांद्यावर टॉवेल टाकून घालावयाचे जे वस्त्र डोळ्यांपुढे येते, त्याचा आणि राजवाड्यातील पोशाखाचा मेळ बसत नाही. म्हणून आम्ही आपला जुना 'झगा' हा शब्दच वापरणार आहोत.

जुना झगा शिवावयाचा तर त्याचा बेत कळावा कसा? तैलचित्रे पुष्कळ आहेत, पण चित्रात झगा दिसतो, त्याची शिवण दिसत नाही. रेशमाची चमक काढण्यात चित्रकार मग्न असतो. बगलेत जोड कुठे दिला, याची त्याला काय पर्वा! ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज बाईंचे नाव आदराने घ्यावे लागेल. जन्म १९३२ चा, मृत्यू १९९८ चा. संग्रहालयांतील जुने झगे टेबलावर उलगडून घेऊन, टेपने मापून, शिवण न् शिवण पाहून त्यांनी चौकटींच्या कागदावर प्रमाणबद्ध आकृत्या काढल्या. १९६४ साली त्यांच्या 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या ग्रंथमालेचा पहिला भाग निघाला. त्या आकृत्यांत मूळ शिंपिणीने कुठे तुकडा जोडला, कुठे जुनी शिवण उसवून पुन्हा घातली, हेही टिपलेले असते. शिवणाऱ्या माणसाला हे पुस्तक हाती धरले की दुसरे सुचत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता पहिला झगा. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात वा हॉलंडात एखादी सुखवस्तू स्त्री सकाळी घराबाहेर पडताना घालील असा. पांढरी जमीन, तिच्यावर लाल, जांभळी, निळी फुले; देठ असे वळलेले की अशी वेल कुठल्याही बागेत उगवणार नाही. हा झगा अंगावर चढण्याआधी आत बऱ्याच गोष्टी असत. सर्वांत आत लिननचे अंगवस्त्र, त्यावर देवमाशाच्या तोंडातील चिवट पट्ट्या घालून शिवलेली ताठ चोळी, कमरेला परकरावर परकर. या ताठ चोळीने धडाला आकार दिलेला असल्यामुळे वरचा झगा बेतणे एका अर्थी सोपे होई. कागदी नमुना नसे. शिंपीण आधी अस्तराचे कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्यांनी बसवी, ते नीट बसले की त्यावर छीट अंथरून चुण्या घाली, आणि वरून दिसणाऱ्या बाजूनेच टाके घाली. पाठीमागच्या चुण्या मानेपासून कमरेपर्यंत शिवून बसवलेल्या आणि कमरेखाली मोकळ्या सोडलेल्या. त्यामुळे पाठ आणि खालचा घेर मध्यभागी एकाच अखंड कापडाचा राही. पुढून झगा बंद करावयास बटणे नाहीत, आकडे नाहीत, साध्या टाचण्या. रोज सकाळी टोचावयाच्या आणि रोज रात्री काढावयाच्या.

मांजरपाट घेऊन आम्ही याचा कच्चा नमुना करून पाहिला. पहिल्या खेपेस सवयीप्रमाणे पाठ कमरेशी कापली आणि घेर वेगळा जोडला. दिसावयास ठीक, पण तो त्या काळचा झगा नव्हे. आजच्या नाटकातला झगा झाला. दुसऱ्या खेपेस कापड न कापता नुसत्या चुण्यांवर पाठ बसवली, तेव्हा त्या शिंपिणीचे डोके कळले. घेराचे तुकडे सगळे सरळ, चौकोनी. कळ्या नाहीत, गोलाई नाही. कातरीने जितके कमी कापता येईल तितके कमी कापलेले, आणि घेराची शिवण लांब लांब धावदोऱ्याची. आज एखादी शिवणशिक्षिका तो धावदोरा पाहील तर उसवून पुन्हा घालावयास लावील. परंतु तो आळसाचा नव्हता. तो मुद्दाम सहज उसवता यावा म्हणून घातलेला होता. झगा जुना झाला, चाल बदलली, की शिवण उसवावी, कापड धुवावे, आणि त्याच कापडाचा नवा झगा करावा. तोही जुना झाला तर मुलीचा झगा, मग गादीची खोळ. खणातून चोळी बेतताना चिंधीही वाया जाऊ नये म्हणून आपल्याकडच्या बायकांची जी नजर असे, तीच ही.

कारण त्या काळी कापड महाग होते आणि शिलाई स्वस्त होती. बार्बरा जॉन्सन नावाची एका पाद्र्याची मुलगी १७४६ पासून १८२३ पर्यंत आपल्या प्रत्येक कपड्याच्या कापडाचा लहानसा तुकडा एका वहीत टाचून त्याशेजारी किती वार घेतले, काय भावाने घेतले, हे लिहून ठेवीत गेली. ती वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पाऊणशे वर्षे एका बाईने जपलेला तो हिशेब कापडाचा आहे. आज आपण दुकानात कापड घेतो आणि शिंप्याकडे गेल्यावर त्याची शिलाई ऐकून कापडाहून ती जास्त म्हणून कपाळाला हात लावतो. ही उलथापालथ ध्यानात घेतल्यावाचून जुन्या झग्याची एकही शिवण उमगत नाही.

आणि मग ते छीट. ते येई कोरोमंडल किनाऱ्यावरून, म्हणजे मच्छलीपट्टणपासून दक्षिणेकडे पसरलेल्या गावांतून. 'चिंट्झ' हा इंग्रजी शब्द आपल्या छिटावरूनच गेलेला आहे. छीट छापलेले असते असे आपण समजतो. पण हे उत्तम प्रतीचे छीट छापलेले नसे, हाताने लेखणीने काढलेले असे. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवीत. हिरड्यातील तुरट द्रव्य रंगाला धरून ठेवते, आणि दुधातील स्निग्धतेमुळे लेखणीची रेषा फुटत नाही. मग लोखंडाच्या पाण्याने काळ्या रेषा काढावयाच्या. जिथे लाल हवा तिथे तुरटीचे पाणी लावावयाचे. हे पाणी जवळजवळ रंगहीन असते, म्हणजे कारागीर न दिसणारे फूल काढीत बसलेला असतो. नंतर सारे कापड चाय नावाच्या झुडपाच्या मुळ्यांच्या काढ्यात उकळले की तुरटी असेल तिथेच लाल उमटतो. बाकीच्या भागावर चढलेली लालसर झाक वारंवार धुऊन आणि उन्हात वाळवून घालवावयाची. निळ्याचे काम याहून अवघड. निळीच्या पिंपात कापड बुडवावे लागते, म्हणून जिथे निळा नको तो सगळा भाग मेणाने झाकावयाचा, बुडवावयाचे, मग उकळत्या पाण्यात मेण काढावयाचे. हिरवा रंग असा नव्हताच. निळ्यावर हाताने पिवळा लावला की हिरवा. हा पिवळा कच्चा असे. संग्रहालयांतील जुन्या झग्यांवर पाने निळी दिसतात ती यामुळे. दोन-अडीचशे वर्षांत पिवळा उडून गेला. हा झगा करावयाचा तर पाने निळी काढावी की हिरवी, असा एक प्रश्न आमच्यापुढे आहे. झगा आज जसा आहे तसा करावयाचा, की ज्या दिवशी तो प्रथम घातला त्या दिवशी जसा होता तसा? आमचे मत हिरव्या पानांकडे झुकते. पण संग्रहालयातील निळ्या पानांवर आधीच प्रेम बसले आहे, त्याला काय करावे!

हे रंग धुऊन जात नसत. युरोपात तोवर असे धुता येणारे रंगीत सुती कापड नव्हते, आणि म्हणून ते इतके खपू लागले की तिथल्या विणकरांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ साली असल्या कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडात १७१९ साली लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील रेशीमविणकर रस्त्यावर उतरले. छिटाचे कपडे घातलेल्या स्त्रिया दिसल्या की त्यांच्या अंगावरचे कपडे ते फाडीत, त्यांवर शाई आणि तेजाब फेकीत. पार्लमेंटने १७२१ च्या कायद्याने रंगीत व छापील सुती कापड वापरणेच गुन्हा ठरवले. त्याचा पुरता निरास १७७४ साली झाला. दंगा करणारे विणकर उपाशी होते, हे विसरून चालणार नाही. परंतु त्यांच्या रागाला सापडल्या त्या रस्त्याने जाणाऱ्या बायका, आणि त्यांतील पुष्कळ मोलकरणी होत्या. ज्या वस्त्रापायी भररस्त्यात अंगावर तेजाब पडले ते वस्त्र आम्ही हौसेने शिवू म्हणतो, तेव्हा हात क्षणभर थबकतो हे कबूल केले पाहिजे.

हॉलंडने बंदी घातली नाही. तिथे फ्रीसलंड प्रांतात हिंडेलोपेन नावाचे दर्यावर्दी लोकांचे गाव आहे. तिथल्या स्त्रिया या छिटाचा पायघोळ अंगरखा घालीत, आणि घरात सुतक असले की लाल फुलांचे छीट बाजूला ठेवून निळ्या-पांढऱ्या छिटाचा घालीत. कोरोमंडलच्या कुणा कारागिराने काढलेली फुले फ्रीसलंडच्या विधवेच्या दुःखाला उपयोगी पडली. यातले काही अंगरखे लेउवार्डेन येथील फ्रीस संग्रहालयात आहेत. आम्हांला शिवावयाचा झाला तर बहुधा तोच शिवू, कारण त्याला आत ताठ चोळी फारशी लागणार नाही.

छिटाची विद्या युरोपात कशी गेली, हेही सांगण्यासारखे आहे. १७४२ साली केर्दू नावाच्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्याने पुदुच्चेरीच्या बाजूच्या ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून एकेक पायरी विचारून घेतली आणि पत्रातून स्वदेशी कळवली. रंगाऱ्यांनी ती आपल्या धर्मगुरूला सांगितली. गिऱ्हाइकाला सांगतो आहोत असे त्यांच्या मनातही आले नसेल. फ्रान्समधील बंदी उठताच, १७६० साली, पॅरिसजवळ झुई येथे ओबरकाम्फ याने छापील छिटाचा कारखाना काढला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कलमकारी मात्र पुरती मेली नाही. श्रीकालहस्तीला आजही लेखणीने काढतात, मच्छलीपट्टणला ठशांनी छापतात, हिरडा आणि दूध आजही लागते. तरी त्या जुन्या झग्यांवरील केसाएवढ्या पांढऱ्या रेषा, ज्या मेणाच्या लेखणीने निळ्यात राखून ठेवलेल्या असत, त्या आजच्या कापडात सहसा सापडत नाहीत. दुकानात जे मिळते त्यावर झगा शिवला तर तो लांबून बरा दिसेल.

दुसऱ्या झग्याविषयी थोडक्यातच सांगावयाचे, कारण त्यात शिवण म्हणण्यासारखे फारसे काही नाही. १७८३ च्या पॅरिसच्या चित्रप्रदर्शनात एलिझाबेथ विजे-लब्रँ हिने राणी मारी आंत्वानेत हिचे चित्र लावले. राणीच्या अंगावर साधा पांढरा मलमलीचा झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती टोपी. लोक खवळले. राणी आतल्या कपड्यांत चितारली, असा एक आक्षेप. लियोंच्या रेशीमविणकरांना बुडवून परदेशी मलमल घालते, असा दुसरा. ते चित्र काढून घ्यावे लागले आणि निळ्या रेशमी झग्यातील राणीचे चित्र त्या जागी आले. हा झगा म्हणजे मलमलीचे सरळ पट्टे एकत्र जोडून गळ्याशी, छातीखाली आणि कमरेशी नेफे शिवावयाचे आणि नाड्या ओवून ओढावयाच्या. ज्याला परकराचा नेफा शिवता येतो त्याला हा झगा येतो. दोन दुपारी पुरतील. अवघड काय असेल तर कडेची तुरपाई. इतक्या झिरझिरीत कापडाची कड बोटांत वळून घालावी लागते.

पण मलमल कुठली आणावयाची? त्या काळची सर्वांत तलम मलमल ढाक्याची. मेघना नदीच्या परिसरात होणाऱ्या फुटी कार्पास नावाच्या कापसाची. त्याचा तंतू आखूड. यंत्राला तो मानवत नाही, हाताला मानवतो. सूत काततात ते हवेत ओल असताना, नाही तर तुटते. त्या मलमलीला शबनम, आब-ए-रवाँ अशी नावे होती. म्हणजे दहिवर, वाहते पाणी. कंपनीची ढाक्याची वखार १८१७ साली बंद झाली, आणि इंग्लंडच्या गिरणीचे सूत त्याच नदीकाठी येऊन पडू लागले. विणकरांचे आंगठे कंपनीने तोडले अशी जी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्या मुळाशी कंपनीचाच एक जुना नोकर विल्यम बोल्ट्स याने १७७२ साली लिहिलेली गोष्ट असावी. ती आख्यायिकेहून भयंकर आहे. त्याने लिहिले आहे की बंगालमध्ये रेशीम उलगडणाऱ्या कामगारांनी जुलमाने ते काम करावयास लागू नये म्हणून स्वतःचेच आंगठे तोडून घेतले. ढाक्याच्या मलमलीचे पुनरुज्जीवन करण्याचा प्रयत्न बांगलादेशात चालू आहे, आणि २०२० साली तिला तिथे भौगोलिक मानांकनही मिळाले. ती वाराच्या भावाने आमच्यापर्यंत येईल असे वाटत नाही. यावी अशीही आमची इच्छा नाही. ज्यांनी ती पुन्हा विणली त्यांनीच आधी तिचे काय करावयाचे ते ठरवावे.

तिसरा झगा मात्र आम्हांला झोप लागू देत नाही.

जानेवारी १९०३ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाप्रीत्यर्थ दिल्लीस दरबार भरला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. त्याची पत्नी मेरी ही शिकागोच्या लीटर नामक धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी, म्हणजे अमेरिकन. दरबारानिमित्त लाल किल्ल्यात जो नाच झाला त्या रात्री तिने हा झगा घातला होता. ज्या किल्ल्यातून १७३९ साली नादिरशहाने मयूरासन नेले, त्याच किल्ल्यात व्हाइसरॉयची बायको मोरपिसे पांघरून आली. हा योगायोग नव्हे.

झग्याचे कापड दिल्लीत भरले गेले, किशनचंद यांच्या कारखान्यात. भरलेले तागे पॅरिसला गेले, तिथे वर्थ यांच्या प्रसिद्ध पेढीत झाँ-फिलिप वर्थ याने झगा बेतला, आणि तयार झगा परत हिंदुस्थानात आला. मागे लांब शेपटा, खालच्या कडेला तलम पांढऱ्या कापडाचे गुलाब. वजन सुमारे साडेचार किलो. सर्व अंगभर मोराची पिसे एकावर एक कौलांसारखी रचलेली, आणि प्रत्येक पिसाचा डोळा हिरवानिळा चमकणारा. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते डोळे पाचूंचे वाटले. ते पाचू नव्हते. ती एका किड्याच्या पंखांवरची कवचे होती.

मोर म्हटला की आपल्याला पैठणीचा पदर आठवतो. म्हणून दोन्हींतला फरक सांगितला पाहिजे. पैठणीतला मोर मागावर विणलेला असतो. प्रत्येक रंगाची निराळी कांडी फिरवीत विणकर तो सुतासुताने घडवतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या झग्यावरचे काम जरदोजीचे, म्हणजे विणल्यानंतर वरून भरलेले. लाकडी चौकटीवर, जिला कारचोब म्हणतात, कापड ढोलकीच्या कातड्यासारखे ताणून बसवावयाचे आणि तिच्या कडेने कारागिरांनी मांडी घालून बसावयाचे. चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली की कलाबतू होतो. सोनेरी हवा असेल तर चांदीवर सोन्याचा मुलामा. हा धागा सुईने कापडातून आरपार ओढता येत नाही, तार सोलून निघते. म्हणून तो कापडावर नुसता ठेवावयाचा आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजाग टाका घालून बांधावयाचा. पिसाची एकेक काडी अशी ठेवावी लागते, आणि वळणावर धागा उलटा फिरवताना तो मुरगळू द्यावयाचा नसतो.

आम्ही एक पीस भरून पाहिले. बाजारी जरीने, लहानशा चौकटीवर. सात संध्याकाळी गेल्या, आणि जे झाले ते मोरपिसापेक्षा माडाच्या झावळीसारखे अधिक दिसते. त्यात आमचा कच्चा हात आहे हे खरे. मुरलेल्या कारागिराला एवढा वेळ लागणार नाही. तरी झग्याचे छायाचित्र समोर ठेवून पिसे मोजू लागलो आणि थोड्याच वेळात मोजणे सोडून दिले. हा झगा पुन्हा करू पाहणारी हौशी माणसे अलीकडे परदेशात निघाली आहेत, तीही अखेर या पिसांपाशीच अडतात. वर्थचा बेत कळतो. छातीचा भाग, कमरेची पट्टी, शेपट्याची कळी हे सारे कुणीही जाणता शिंपी सांगेल.

लेडी कर्झनला हिंदी भरतकामाची खरी आवड होती, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९०२ साली राणी अलेक्झांड्राच्या राज्यारोहणाच्या झग्याचे कापडही हिंदी कारागिरांकडून तिच्याच देखरेखीखाली भरले गेले होते. तिच्यामुळे त्या कारखान्यांना काम मिळाले. परंतु दरबाराआधी दोनच वर्षे, १८९९-१९०० मध्ये, पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडून गेला होता. मुंबई इलाख्यालाही त्याची झळ लागली होती. १९०३ च्या डिसेंबरात मद्रासच्या राष्ट्रसभेत अध्यक्ष लालमोहन घोष यांनी उपाशी देशापुढे मांडलेल्या या देखाव्यावर कडक टीका केली. आणि पुढे १९०५ साली याच कर्झनने बंगालची फाळणी केली, तेव्हा ऑक्टोबरात पुण्यात सावरकर आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी विलायती कापडाची होळी केली. मोरपिसांचा झगा त्या होळीत पडला असता तर तो विलायती ठरला असता की स्वदेशी? आमच्यापाशी याचे उत्तर नाही. कापड दिल्लीचे, शिलाई पॅरिसची, अंग अमेरिकन, आणि ज्याच्या डोळ्यांसाठी ते घातले तो राजा लंडनला; तो तर दरबाराला आलाही नव्हता.

आमची स्वतःची अडचण याहून लहान आहे. हा झगा आम्हांला करावासा वाटतो, घालावासा वाटत नाही. कुणाच्या अंगावर पाहावासाही वाटत नाही. त्या चौकटीच्या कडेला बसून, पाठ दुखेपर्यंत एक रांग पिसे भरावी, शेजारच्याने कसा धागा वळवला ते तिरक्या नजरेने पाहून घ्यावे, एवढीच ती इच्छा आहे. शेजारी कोण असेल याचा मात्र पत्ता लागत नाही. वर्थचे नाव सर्वत्र छापलेले आहे. किशनचंद यांचे नावही आता छापले जाते. चौकटीशी बसलेल्यांची नावे कुठल्याही वर्णनात आमच्या वाचनात आली नाहीत.

मेरी कर्झन १९०६ साली वारली. तिचे या झग्यातील चित्र विल्यम लॉग्सडेल याने तिच्या मृत्यूनंतर, १९०९ साली पुरे केले. झगा इंग्लंडात डर्बीशायरमधील केडल्स्टन हॉल या कर्झन घराण्याच्या वाड्यात आहे. तो वाडा १९८७ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. चांदी काळवंडली आहे. त्या रात्री विजेच्या दिव्यांखाली झग्याला जो पिवळा झळाळ असेल तो आता नाही. जर मंद, करडी दिसते. त्या किड्याच्या कवचांना मात्र काही झालेले नाही. त्यांचा रंग रंगद्रव्याचा नसतोच. कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परावर्तित होतो आणि त्यातून हिरवानिळा दिसतो. जोवर थर शाबूत आहेत तोवर रंग शाबूत. म्हणून आज त्या झग्यापुढे उभे राहिले तर सोने विझलेले आणि किड्याचे पंख लखलखणारे, असे दिसते.

मांजरपाटाचा आमचा कच्चा झगा काही दिवस खुंटीला होता. मग त्याचा धावदोरा ओढून काढला, फारसा वेळ लागला नाही. घेराचे चौकोनी पाट सरळ, जसेच्या तसे निघाले. धुऊन त्यांचे अस्तर एका गोधडीला लावले आहे. मोरपीस चौकटीवर तसेच आहे.